आमच्या घराला दलाल नव्हता

माझं हिंगोलीचं घर मी विकायला काढलंय आणि दलाल लावलेला नाही. पोरगा पुण्यात बसून माझ्यावर चिडून राहिलाय. त्यानं मोबाइलवर घराचे फोटो टाकलेत, खाली माझा नंबर दिलाय आणि बजावून ठेवलंय, की आई, फोन आला तर बोअरला बारमाही पाणी आहे म्हण, दार पूर्वेला आहे म्हण, बाकीचं मी बघतो. मी हो म्हणते. मग माणसं येतात, घर बघतात, भिंतींवर बोटं वाजवतात, माझ्या हातचा चहा पितात. निघताना मी सांगून टाकते, की बाबांनो, त्या आतल्या खोलीत माझे मालक दीड वर्ष अंथरुणाला खिळून होते आणि तिथंच गेले, नंतर म्हणू नका म्हातारीनं लपवलं. झालं! नवरा-बायको एकमेकांकडं बघतात, कप खाली ठेवतात आणि 'कळवतो' म्हणून चपला घालतात. पोरगा म्हणतो, तुला कुणी विचारलं होतं का? कुणीच विचारलं नव्हतं, बाबा. पण ही खोड मला माझ्या बापानं लावली, आणि ती का लावली हे त्या पोराला मी आजवर कधी सांगितलेलं नाही.

आमचं पहिलं घर डोंगरकड्याच्या पुढं, कालव्याच्या अंगाला जे गाव आहे, त्यात अगदी शेवटचं. दोन खोल्या, पुढं ओसरी, वर पत्रे आणि मागं हे एवढं मोठं अंगण. गावात त्याला आमच्या आडनावानं कुणी ओळखायचं नाही, चुलवणाचं घर म्हणायचे. चुलवण म्हणजे हळद शिजवायची चूल, अंगणाच्या मधोमध जमिनीत खणलेली. तिच्यावर दहा-बारा माणसं भोवती उभी राहतील एवढी लोखंडी कढई. गावातल्या निम्म्या लोकांची हळद आमच्याच कढईत शिजायची. थंडी सरत आली की बैलगाड्या लागायच्या, जळणाला पऱ्हाट्यांचे, कापसाच्या वाळल्या झाडांचे, भारे पडायचे, आणि मग महिना दीड महिना त्या घरात कुणाला शांत बसलेलं मी पाहिलं नाही. खाली पऱ्हाट्या तडतडायच्या, वर ओल्या गोणपाटाखाली हळद खदखदायची, आणि तो वास! आज बाजारात पुडीतली हळद मिळते तिला वास असतो असं लोक म्हणतात. म्हणोत बापडे. आमच्या भाकरीला, अंथरुणाला, माझ्या वहीच्या पानांना, दारातल्या कुत्र्याच्या पाठीलासुद्धा हळदीचा वास यायचा. टाचा पिवळ्या, नखं पिवळी. शाळेत बाई म्हणायच्या, तुमच्याकडं रोजच लग्न आहे का गं?

दादा, म्हणजे माझे वडील, कढईजवळ डोळे मिटून बसायचे. हळद शिजली की नाही हे त्यांना आवाजावरून कळायचं. बोलणं कमी, एकदा बोलले की बोलले. बोलायचं सगळं काम मायकडं होतं. माझी माय एवढी बोलकी बाई, की कालव्यावर धुणं धुताना तिचा आवाज गावात ऐकू यायचा. हळदीच्या दिवसांत ती भाकरीची चळत थापायची, अंबाडीच्या भाजीवर लसणाची फोडणी ओतायची आणि जेवायला बसलेल्या गडीमाणसांची टर उडवत वाढायची. एकाला म्हणायची, "खाय बाबा, बायकोनं हाकललं व्हय तुला, असा उपाशावानी जेवून राहिला?" माणसं हसून ठसका लागेपर्यंत हसायची. मागं मागं तिच्या लुगड्याला धरून माझी धाकटी बहीण मुक्ती. चार वर्षांची, नाक सतत गळणारी, आणि मायचा शेवटचा शब्द पकडून तोच पुन्हा म्हणणारी. माय म्हणाली "भाजी वाढ", की मुक्ती म्हणायची "वाढ". माय म्हणाली "मर मेल्या", की मुक्ती म्हणायची "मेल्या". मला तिचा राग यायचा. पंधरा वर्षांच्या पोरीला असा राग येतो, त्यात काही विशेष नाही, पण पुढं जे झालं त्यानं तो राग माझ्यापाशी तसाच शिल्लक राहिला.

त्या वर्षी शिमग्याच्या थोडं आधी, भर दुपारी, मुक्ती कढईत पडली. जास्त लिहीत नाही. जेवढं लिहायचं ठरवलं होतं तेवढं चारदा लिहून खोडलं. तीन दिवस काढले तिनं नांदेडच्या दवाखान्यात. तिथल्या व्हरांड्यात दादा मायला म्हणाले, "तू काय करत व्हतीस? डोळे फुटले व्हते का तुझे? चार वर्साचं लेकरू संभाळता न्हाई आलं तुला?" मी बाजूला उभी होते. मायनं दादांकडं बघितलं, मग एकदा माझ्याकडं बघितलं, आणि पदर डोक्यावर ओढून भिंतीला टेकली. त्यानंतर ती बोलायची थांबली.

थांबली म्हणजे थांबलीच. रडणं नाही, ओरडणं नाही. गावातल्या बायका समाचाराला यायच्या आणि फिरून फिरून तेच विचारायच्या, "तुमी तवा कुठं व्हत्या, बाई? चुलीपाशी व्हत्या न्हाई का? मंग दिसली कशी न्हाई?" माय जमिनीकडं बघत बसायची. पाठ वळली की त्याच बायका म्हणायच्या, तोंडाळ बाई, गप्पा हाणत असंल. मी पाण्याचे तांबे नेऊन द्यायची आणि सगळं ऐकायची. कढई दादांनी उतरवून भिंतीला टेकवली होती. माय सकाळी उठून त्या उघड्या चुलवणात उतरायची, थंड राख दोन्ही हातांनी गोळा करून कोपऱ्याला सारायची आणि मग काठावर बसून राहायची. घास भरवला तर खायची, नाही तर नाही. हातातल्या बांगड्या सैल होऊन कोपराकडं सरकायला लागल्या. दुसरा पावसाळा लागेपर्यंत तिचं लुगडं खुंटीवर टांगल्यासारखं दिसायला लागलं. मामा येऊन तिला वसमतच्या डॉक्टरांकडं घेऊन गेला. डॉक्टर म्हणाले, औषध लिहून देतो, पण खरं औषध म्हणजे ती जागा सोडा. त्या अंगणात ठेवलंत तर ही बाई वर्ष काढणार नाही. मामा म्हणाला, वसमतच्या हळदीच्या बाजारात दादांना अडतीवर काम लावून देतो, राहायला खोली बघतो. दादा घरी आले आणि म्हणाले, घर ईकायचं. मायला कुणी विचारलं नाही. बोलत नसलेल्या माणसाला विचारायचं असतं हे कुणाच्या ध्यानातच आलं नाही, माझ्याही नाही.

आमच्या भागात घरांचे, बैलांचे, सोयरिकींचे, सगळ्याचेच सौदे जुळवणारा बाबाराव नावाचा एक दलाल होता. पांढरी टोपी, तोंडात सदा सुपारी. तो ओसरीवर बसला, घराकडं न बघताच म्हणाला, "आठ दिवसांत खपवून देतो. जागा मोक्याची हाय. फकस्त त्या गोष्टीची वाच्यता करू नका. लांबचं गिऱ्हाईक आणतो, त्याला काय कळून राहिलं?" दादा म्हणाले, "कळाया पायजे." बाबाराव हसला. "कशाला? अन् पोरगीच तर व्हती, मालक. पोरगा असता तर गोष्ट येगळी." दादा उठले, त्याच्या हातातला अर्धा प्यायलेला कप काढून घेतला आणि चहा अंगणात ओतला. "उठा," म्हणाले. बाबाराव उठेना, तेव्हा त्याची टोपी उचलून त्याच्या हातात दिली. त्या दिवसापासून आमच्या घराला दलाल राहिला नाही. दादांनी ग्रामपंचायतीतून घराचा उतारा काढला, घरपट्टीच्या पावत्या एका पिशवीत घातल्या आणि बाजारात, बसस्टँडवर, चक्कीवर जो भेटेल त्याला स्वतःच सांगायला लागले, घर ईकायचं हाय.

माणसं यायची. नाही असं नाही. एक कापडदुकानदार आला, एक मास्तर आले, कनेरगाव नाक्याचा एक ढाबेवाला त्याच्या सासऱ्याला घेऊन आला. दादा सगळं घर दाखवायचे, पत्र्याला कुठं गळती आहे तेही दाखवायचे. मग ओसरीवर बसवून पाणी द्यायचे आणि पाणी पिऊन झालं की म्हणायचे, "पाव्हणं, एक सांगायचं राहिलं. ह्या कढईत माझी चार वर्साची लेक पडली. त्यात ती गेली. आता तुमी ठरवा." दर वेळी हेच शब्द, एक इकडचा तिकडं नाही. मी आतून ऐकायची आणि दर वेळी वाटायचं, आज नको सांगू, दादा, आजच्या दिवस नको सांगू. मास्तर विज्ञान शिकवायचे, म्हणून मला त्यांची आशा होती. ते म्हणाले, माझा विश्वास नाही हो अशा गोष्टींवर, पण घरात बायका असतात. ढाबेवाल्याचा सासरा तर तोंडातलं पाणी अंगणात थुंकला. ती चूळ चुलवणाच्या काठावर पडली आणि काठावर माय बसलेली होती. तिनं पदरानं ते पुसून घेतलं. दादा त्या संध्याकाळी जेवले नाहीत.

आता आमच्याकडची एक रीत सांगते, नाही तर पुढचं कळायचं नाही. इसार, कागद, रजिस्ट्री हे सगळं नंतर. आधी साखर. देणाऱ्यानं घरातली साखर घेणाऱ्याच्या हातावर ठेवायची आणि घेणाऱ्यानं ती तोंडात टाकायची. साखर खाल्ली की सौदा झाला. मग कुणी दुप्पट देतो म्हणाला तरी देणारा फिरत नाही आणि घराचे वासे वाकडे निघाले तरी घेणारा फिरत नाही. फिरलाच, तर त्याच्या दारात पुन्हा कुणी सोयरीक घेऊन जात नाही. हे मला शाळेत जायच्या आधीपासून ठाऊक होतं. म्हणूनच मी ते केलं. न कळून झालं असं मी कधीच म्हणणार नाही.

दादा सकाळच्या गाडीनं वसमतला गेलेले होते. ऊन कलायच्या आत एक माणूस सायकल हातात धरून दारात उभा राहिला. मागं त्याची बायको, आणि तिच्या बोटाला धरून एक लहान पोरगी. माणूस म्हणाला, "मी हरचंद. खालच्या तांड्यावरचा. चक्कीवर तुझा बाप भेटला व्हता. दोन वर्सं आमी समदे बाहेर ऊसतोडीला व्हतो. औंदा आमी बी हळद लावली, कढईची जागा पायजे." बायकोचं नाव जमना. पोट पुढं आलेलं, सातवा तरी असावा. मी घर दाखवलं. खोल्या, ओसरी, पत्रे. मग अंगणात आलो आणि हरचंद चुलवणात उतरून आतून हात फिरवायला लागला. "पक्कं हाय," तो खूश होऊन म्हणाला, "दगडं कुठली गं?" मी सांगितलं, खदानीची. मी त्याला हवा कुठून खेळते ते दाखवलं, राख कुठून ओढायची ते दाखवलं. माझ्याच तोंडानं. माय नेहमीच्या जागी बसलेली होती, आणि ती पोरगी आईचं बोट सोडून चुलवणाच्या काठाकडं पळत गेली आणि आत वाकली.

मी तिला दंडाला धरून अशी ओढली, की ती आडवी पडली आणि तिनं भोकाड पसरलं. जमना दचकून म्हणाली, "काहून गं? काय झालं?" सांगायची जागा तीच होती. देवानं ती माझ्यासमोर आणून ठेवली होती. मी म्हणाले, "काळं लागंल ना फ्रॉकला." त्या वेळी माय उभी राहिलेली मी बघितली. पोरगी रडायची थांबेपर्यंत ती उभी होती, मग पुन्हा बसली.

हरचंदनं भावात घासाघीस केली नाही. म्हणाला, "तुझ्या बापानं सांगितलं ते बराबर हाय. उद्या येतो, तो असतानी बोलू." उद्या! उद्या दादा पाणी देतील आणि उद्या दादा सांगतील. ही बाई पोटावर हात ठेवून उठेल, पोरीला उचलेल, आणि आम्ही पुन्हा इथंच. मी आत गेले. फडताळातला साखरेचा डबा काढला, मूठ भरली आणि बाहेर येऊन हरचंदच्या हातावर ठेवली. तो गडबडला. "बापाला इचारल्याबिगर?" मी म्हणाले, "दादांनी सांगून ठेवलंय, चांगलं गिऱ्हाईक आलं तर साखर दे." त्यानं मायकडं बघितलं. "मावशी, चालंल ना?" माय बघत राहिली. नाही म्हणाली नाही, म्हणून त्यानं हो धरलं. त्यानं साखर तोंडात टाकली, बायकोला दिली, पोरीच्या हातावर ठेवली. पोरगी रडून रडून लाल झालेल्या तोंडानं तळवा चाटत होती.

दिवेलागणीला दादा आले. मी तांब्या पुढं केला आणि म्हणाले, "दादा, घर गेलं. साखर खाल्ली त्यांनी." दादांचा चेहरा क्षणभर असा उजळला, की मला वाटलं, मी केलं ते बरोबर केलं. मग त्यांनी विचारलं, "सांगितलंस ना?" मी तांब्या त्यांच्या पायाशी ठेवला. "शके, सांगितलंस ना त्यांना?" मी नाही म्हणून मान हलवली. दादांनी हात उगारला नाही. शिवी दिली नाही. पाय धुतले, ओसरीवर टेकले आणि म्हणाले, "न सांगता बांधलंस त्या माणसाला. बाबारावला मी ह्याच पायरीवरून उठवलं व्हतं." मी रडत म्हणाले, "मायसाठी केलं, दादा. माय मरून राहिली." ते म्हणाले, "ते मला दिसतं. सकाळी चल माझ्यासंगं."

सकाळी आम्ही कालव्याच्या कडेनं तांड्यावर गेलो. हरचंदनं आनंदानं बाज टाकली, जमनानं चहा ठेवला. त्याची म्हातारी आई, आरशांचा घागरा घातलेली, हातभर पांढऱ्या बांगड्या, उन्हात बसून डाळ निवडत होती. दादा बाजेवर बसले नाहीत. म्हणाले, "पोरीला काही बोलायचं हाय. तिचं ऐकून घ्या, मंग चहाचं बघू." आणि ते बाजूला झाले. मला वाटलं होतं, तेच सांगतील, त्यांचे ते ठरलेले शब्द. मी उभी राहिले आणि ते शब्द म्हणायला गेले, ह्या कढईत माझी बहीण पडली. एवढं म्हणाले आणि तिथं थांबता येईना. पुढचं आपोआप यायला लागलं. मी सांगितलं, की त्या दुपारी मायनं मुक्तीला माझ्याकडं दिलं होतं. "माझे हात पिठात हायत, शके, हिला बघ," असं म्हणून दिलं होतं. मी हो म्हणाले होते. भिंतीपलीकडं शांताकाकूकडं नवा रेडिओ आला होता. मी मुक्तीला म्हणाले, इथंच बस, हलू नको, आणि भिंतीवरून उडी मारून गाणी ऐकायला गेले. दोन गाणी ऐकली. तिसरं सुरू झालं तेव्हा ओरडा आला. मायनं कुणालाच सांगितलं नाही. दादांनाही नाही. मी पण नाही सांगितलं.

हे सगळं मी दादांकडं न बघता बोलले. त्यांच्याकडं बघायची छाती नव्हती. जमनानं पोरीला ओढून मांडीत घेतलं होतं. हरचंद जमिनीकडं बघत होता. दादांचा आवाज आला, पण तो त्यांच्यासारखा नव्हता. "माझ्याकडून तुमी मोकळे हायत. साखर मी धरत न्हाई." हरचंद जमनाकडं बघायला लागला, जमना पोरीचे केस सारखे करत राहिली. मग म्हातारी सूप बाजूला ठेवून म्हणाली, "घरानं काय केलं त्यात? साखर माझ्या नातीनं बी खाल्ली. तांड्याची जबान हाय." हरचंद म्हणाला, "घेतो, दादा." जमना उठून आत गेली. ती खुशीनं तयार झाली असं मी म्हणणार नाही. चहा झाला होता, पण कुणी ओतला नाही.

परतताना दादा माझ्या पुढं चालत होते. अर्ध्या वाटेवर, जिथं कालव्याचं पाणी सोडणाऱ्या पाटकऱ्याची खोली आहे तिथं, ते थांबले. "त्या दवाखान्यात तुझ्या मायला मी काय बोललो, तू ऐकलं व्हतंस का?" मी म्हणाले, "व्हय." त्यांनी मान हलवली. मग कालव्यात उतरून त्यांनी तोंडावर पाणी मारलं. मारतच राहिले. सदरा भिजला, धोतर भिजलं. मी काठावर उभी होते. मला वाटत होतं, त्यांनी मला मारावं. खरंच सांगते, त्यांनी मला मारलं असतं तर पुढची चाळीस वर्षं मला सोपी गेली असती. त्यांनी मला त्या दिवशीही मारलं नाही आणि नंतरही कधी त्याबद्दल एक शब्द काढला नाही.

गावात बोलणं झालंच. भिंतीपलीकडून शांताकाकू म्हणाल्या, "तांड्यावरच्याला दिलं घर? गल्लीत कुणी व्हतं न्हाई का घेणारं?" दादा म्हणाले, "व्हते की. तुमीच घ्या ना. येता का साखर खायला?" काकू आत गेल्या. रजिस्ट्री कळमनुरीला झाली. घर दादांच्याच नावावर, मायच्या अंगठ्याची गरज नव्हती, म्हणून ती घरीच होती. दादा तिच्याशी बोलायला जायचे आणि दारातून परत फिरायचे. आठ दिवस असेच गेले. भांडी पोत्यात गेली, फडताळ रिकामं झालं. राहिलेली साखर मी कागदात बांधून ठेवली होती, ती पण मुंग्यांनी नेली.

जायच्या दिवशी मामानं टेंपो आणला. सामान चढलं. हरचंद आणि जमना किल्ली घ्यायला आले होते, पोरगी जमनाच्या कडेवर होती, तिनं तिला एकदाही खाली सोडलं नाही. माय चुलवणाच्या काठावर. मामा म्हणाला, "अक्का, चल ना गं," माय हलेना. तेव्हा दादा तिच्यासमोर मातीत बसले. सगळ्यांदेखत, पाव्हण्यांदेखत. टोपी काढून हातात घेतली आणि म्हणाले, "शकीनं सांगितलं मला. समदं सांगितलं. मी तुला जे बोललो ते... माझी जीभ झडाया पायजे व्हती."

मायनं त्यांच्याकडं बघितलं नाही. माझ्याकडं बघितलं. दीड वर्षानं तिचा आवाज आला. तो आवाज आता असा झाला होता, की पहिल्यांदा मला कळलंच नाही की तीच बोलतेय.

"काहून सांगितलंस गं?" ती म्हणाली. "तेवढं एक तरी माझ्यापाशी राहू दिलं असतंस."

आम्हाला वाटत होतं, ती त्या चुलवणापाशी मरायला बसलीय. ती तिथं राखण करत बसली होती, आणि राखण माझीच होती. गावानं तिला तोंडाळ म्हटलं, दादांनी आंधळी म्हटलं, तिनं ते सगळं अंगावर घेतलं, कारण दोन लेकींपैकी एक तरी तिला वाचवायची होती. ते तिचं काम मी एका सकाळी, तांड्यावर, परक्या माणसांपुढं काढून घेतलं. खरं बोलले म्हणून दादांनी मला क्षमा केली असेल. मायची गोष्ट वेगळी. वसमतच्या खोलीत ती थोडंफार बोलायची, पाणी दे, दार लाव, एवढंच. पुढचा हळदीचा हंगाम काही तिनं बघितला नाही. डॉक्टर म्हणाले, जागा बदलायला उशीर झाला. मी अंगणवाडीत जन्म काढला, एवढी लेकरं हाताखालून गेली, एकावरून कधी नजर हलवली नाही. सगळे म्हणतात, बाई फार जीव लावायच्या.

परवा पोराचा फोन आला. म्हणाला, आई, रविवारी एक जोडपं येतंय, लहान बाळ आहे, लोक चांगले आहेत, या वेळी तोंड बंद ठेव. मी म्हणाले, बघते. त्याला मी अजून मुक्तीचं नावसुद्धा सांगितलेलं नाही.

घर सोडलं त्या दिवशी माय स्वतःच उठली. जमनाच्या पोरीच्या डोक्यावरून हात फिरवला, आणि कुणाचा हात न धरता टेंपोच्या मागं चढली. पोत्यांच्या मधे बसली. मग तिनं एक पोतं पायानं सारलं, लुगडं आवरून घेतलं आणि स्वतःशेजारी जागा केली. माझ्याकडं बघून त्या जागेवर हात थोपटला, लहानपणी झोपायला बोलवायची तसा.

मी गेले नाही. मी पुढं जाऊन ड्रायव्हर आणि मामाच्या मधे बसले. वसमतला उतरून मागं गेले, तेव्हाही ती जागा तिनं तशीच ठेवली होती.